ठोका चालू होता

अहो, तुम्ही गेलात तेव्हा आळीत ठोका चालू होता. एवढं तुम्हाला सांगायचं राहिलंय, म्हणून दहावा व्हायच्या आत सांगून टाकते. पुढं तुम्ही कुठं असाल नि माझं ऐकाल की नाही, कोण जाणे. तसं इथं होतात तेव्हाही ऐकत नव्हतातच म्हणा.

बायका भेटायला येतात. शेजारी बसतात, पदर डोळ्यांना लावतात आणि मधूनच माझ्या तोंडाकडं बघून घेतात. मी रडत नाही याचं त्यांना फार वाईट वाटतंय. काल पलीकडची गोदा म्हणाली, "धक्का बसलाय बिचारीला." माझ्या समोरच म्हणाली, आणि चांगली खणखणीत. तांबटाची बायको, तिला हळू बोलणं कुठलं ठाऊक! धक्काबिक्का काही नाही हो. मला सुटल्यासारखं वाटतंय. तुमचा तो खोकला थांबला, रात्र रात्र उशाशी बसून पाठ चोळणं थांबलं, हे तर आहेच. पण तेवढंच नाही. सगळं सांगायचं तर मागून सुरुवात करायला हवी. मला माहीत आहे ते सगळं, असं म्हणाल. तुमच्या बाजूनं माहीत आहे. आता माझ्या बाजूनं ऐका.

लग्न होऊन मी कसब्यात या आळीत आले तेव्हा मला वाटलं, ही माणसं सदा भांडतात. नंतर कळलं की ती गोडीगुलाबीनं बोलतायत. पोरवयापासून हंडे-घागरी ठोकून आळीतल्या एकूणएक पुरुषांचे कान कामातून गेलेले. तुमचे तर ऐन तारुण्यातच गेले. कधी लाडात येऊन माझ्या कानाशी काही पुटपुटलात की समोरच्या माडीवरची म्हातारी खुदकन हसायची. आपल्या संसारात झाकलेलं असं काही राहिलंच नाही. मी बोलले की माझ्या ओठांकडं बघून तुम्ही समजून घ्यायचात, आणि त्यातच तुमची लबाडी होती. भांडणात हरायला लागलात की डोळे मिटून घ्यायचात. झालं, संपलं भांडण. मी कितीही कंठशोष केला तरी तुमच्यापर्यंत पोचणार कसा? कितीदा मी तुमच्या पापण्या बोटांनी वर करून पुढचं वाक्य बोललेय.

ठोका मात्र तुम्हाला हातानं कळायचा. आपल्या माजघराची भिंत पलीकडच्या कारखान्याशी सामाईक. सकाळी उठलात की आधी तिला तळहात लावायचात. हाताला ठोका लागला की मग चूळ, मग देवाला नमस्कार. मी म्हणायचे, आधी देव. तर म्हणायचात, "आळी चालू आहे का ते आधी बघू दे. नसली तर देवाकडं काय मागायचं ते ठरवता येईल."

मग ते साल आलं. शत्रूनं शहर लुटलं, पेठा पेटवून दिल्या. आपण सिंहगडाच्या वाटेला लागलो होतो, म्हणून जीव वाचले. परत आलो तर घर उभं होतं, पण आळीतलं तांबं झाडून नेलेलं. तरी खरे हाल झाले ते पुढच्या वर्षी. पैसेवाले गावोगावी जाऊन बसले. लग्नं लांबणीवर पडली. लग्न नाही तर घागर घेतंय कोण? लोक फुटकी भांडी लाखेनं बुजवून दिवस काढत होते. विणकरांचे माग गप्प झाले, कागदीपुऱ्यातले लगद्याचे हौद कोरडे पडले. आपल्या आळीतही एकेक हातोडा बसत गेला. एका सकाळी तुम्ही भिंतीला हात लावलात आणि काढलाच नाहीत. मी चूल सोडून आले, काय झालं विचारलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "कुणीच नाही."

कण्या आणि टाकळ्याची भाजी खाऊन आपण राहत होतो. त्याबद्दल तुमच्या तोंडून कधी कुरकुर आली नाही, हे मान्य करते. तुम्हाला टोचायची ती शांतता. ऐकू न येणारा माणूस, आणि त्याला शांततेचा जाच. कारण आळीत ठोका थांबतो तो कुणी मेल्यावर. घरातून रड ऐकू आली की आजूबाजूच्या बायका आपापल्या माणसाच्या खांद्याला हात लावतात आणि हातोडे खाली बसत जातात, पार शेवटच्या घरापर्यंत. प्रेत आळीबाहेर जाईतो तांब्याला कुणी शिवत नाही. ही आपली रीत. तुम्ही त्या दिवसांत म्हणाला होतात, "सगळी आळी गप्प आहे. मला वाटतं आपणच मेलोय, आणि अजून कुणी सांगितलेलं नाही." मी म्हटलं, माझ्या माहेरी चाकणला चला, शेतात काही ना काही काम मिळेल. तुम्ही डोळे मिटलेत.

कालिकेच्या देवळात बैठक बसली ती त्यानंतर. आळीचे वडीलधारे भिकोबातात्या म्हणाले, जुनी रीत आहे तसं करू. भर दुपारी पेटत्या दिवट्या घेऊन शनिवारवाड्यावर जाऊ. राज्यात अंधार झालाय हे धन्याला न बोलता कळेल. सगळ्यांनी माना हलवल्या. तुम्ही उभे राहिलात आणि म्हणालात, "तात्या, घरात फोडणीला तेल नाही. दिवट्यांना कुठून आणायचं?"

"मग तुझं काय म्हणणं?"

"कामाला जायचं. हातोडा आणि ऐरण घेऊन वाड्यापुढं बसायचं आणि ठोकायचं."

"काय ठोकायचं? तांबं कुठाय?"

"तेच तर सांगायला चाललोय, तांबं कुठाय."

मागायचं काय तेही तुम्हीच सुचवलंत. वाड्याच्या कोठीत लुटीच्या धामधुमीत चेपलेली, फुटलेली भांडी पडून होती. ती आळीला नीट करायला द्यावीत, त्याबदली धान्य द्यावं. बेत कुणाला कळू द्यायचा नाही, असं शेवटी ठरलं. म्हणजे ठरलं तेही ओरडूनच. देवळाबाहेर आम्ही बायका एकमेकींकडं बघत उभ्या होतो. तुमची ती गुप्त बैठक अख्ख्या कसब्यानं ऐकली होती.

आणि झालं ते बरंच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही खांद्यावर ऐरणी टाकून निघालात, तर आळीच्या तोंडाशी विणकर उभे. त्यांच्यामागं कागदीपुऱ्यातले इमामभाई आपली माणसं घेऊन आलेले. तुम्ही भिकोबातात्यांना विचारलंत, "यांना कुणी सांगितलं?" तात्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "मी नाही." इमामभाई सभ्य गृहस्थ, हसले नाहीत. म्हणाले, "आमचंही काम बसलंय. पण आमच्याकडं ठोकायला काही नाही, आम्ही तिथं करायचं काय?" तुम्ही म्हणालात, "तुम्ही नुसते बसा. गर्दी दिसायला हवी."

अशी ती रांग कसब्याच्या गणपतीपुढून निघाली. तांबट पुढं, त्यांच्यामागं विणकर, मग कागदी, आणि सगळ्यांत मागं आम्ही बायका. हाताला काम नसलेली एवढी माणसं रस्त्यानं चाललेली मी त्याआधी पाहिली नव्हती. मला खरं सांगू? मला लाज वाटत होती. कुणी ओळखीचं दिसू नये म्हणून मी पदर पुढं ओढला होता. तुम्ही मात्र सणाला निघाल्यागत ताठ चालला होतात.

वाड्यापुढच्या पटांगणात भाजीवाल्यांच्या कडेनं तुम्ही बसलात. तुम्ही सगळ्यांच्या पुढं, वाड्याकडं पाठ करून. पहिला हातोडा तुम्ही उचललात आणि बाकीच्यांनी तुमच्या हाताकडं बघून ठोका धरला. कारखान्यातही तुमचं तसंच चालायचं. कानाचा भरवसा नाही, म्हणून म्होरक्याच्या हातावर नजर. रिकाम्या लोखंडावर लोखंड. मी आळीत नांदलेली बाई, पण तो आवाज मलाही सोसेना. तुम्हाला त्याचा पत्ताच नाही. चेहरे असे निवांत, की देवळात बसलेत म्हणावं. वर नगारखान्यात नगारा वाजला की नाही तेही कळलं नाही. तो नगारा मामंजींनीच ठोकलेला होता, हे तुम्ही नंतर किती अभिमानानं सांगायचात.

सकाळ गेली. जेवणं झाली. वाड्यातली, आपली नव्हे. आणि मग मोठ्या लोकांची आडवं व्हायची वेळ झाली. पुण्यात कुणाचं काहीही अडवावं, दुपारची झोप अडवू नये. दरवाज्यातून आधी एक हुजऱ्या येऊन बघून गेला, मग दुसरा. मग फडावरचा एक कारकून बाहेर आला, पागोटं घाईत बांधलेलं. पायरीवर उभा राहून तो ओरडला, "तुमचं गाऱ्हाणं वर पोचलं आहे. कोठीतली भांडी आळीला द्यायचा हुकूम झाला आहे. ठोका थांबवा."

आम्ही बायकांनी ऐकलं. विणकरांनी ऐकलं. इमामभाईंनी ऐकून दोन्ही हात वर केले. ज्यांनी ऐकायचं ते तेवढे खाली माना घालून ठोकत बसले होते.

कारकून पुन्हा ओरडला. आळीतल्या बायका हसायला लागल्या, मीही हसले. इथंच चुकलं. त्याला वाटलं, हे मुद्दाम चाललंय, आपली टर उडवतायत. तो लालबुंद झाला आणि प्याद्यांना म्हणाला, "काढून घ्या हातोडे. पहिल्यांदा तो पुढचा." दोघं काठ्या घेऊन तुमच्या पाठीमागून यायला लागले. तुम्हाला ते दिसत नव्हते, ऐकू तर येणारच नव्हते. त्यांनी मागून हात घातला असता तर तुम्ही दचकून हातोड्यासकट वळला असतात, आणि वाड्याच्या दारात सरकारी माणसावर हातोडा उगारलेल्याचं काय होतं, ते मला ठाऊक होतं.

मी धावले कशी ते आठवत नाही. पुरुषांच्या मधून, कुणाच्या मांडीला पाय लागतोय, पदर कुठं, काही भान नाही. तुम्ही मान वर करेनात. हाका मारून उपयोग नाही. तेव्हा मी खाली बसले आणि तुमच्या ऐरणीवर तळहात ठेवला.

हातोडा बोटभर अंतरावर थांबला. तुमचा थांबला म्हणून शेजारच्याचा, त्याचा बघून पुढच्याचा, असं पटांगण हळूहळू शांत झालं. प्यादे होते तिथंच उभे राहिले. तुमचा चेहरा पांढराफटक पडला होता. आणि मग साऱ्या पुण्यासमोर तुम्ही माझ्यावर खेकसलात, "अगं, हात तोडून घ्यायचाय का?" मी ओठ हलवून सांगितलं, भांडी दिली, हुकूम झालाय. तुम्ही ते दोनदा बघून घेतलंत, उठलात, कारकुनापुढं गेलात, हात जोडलेत आणि म्हणालात, "मग आपण हे आधी का नाही सांगितलंत?"

त्या गृहस्थाचा चेहरा आठवला की अजून मला हसू येतं. पण तो काही वाईट माणूस नव्हता. आपल्या घशाला हात लावून तो आत निघून गेला, एवढंच.

भांडी आली, त्यांच्या मागून धान्य आलं. पहिल्या दिवशी पलीकडच्या कारखान्यात हातोडा पडला तेव्हा तुम्ही मला चुलीपासून ओढत नेलंत, तो माझा तळहात धरलात आणि भिंतीवर दाबून ठेवलात. "ऐक," म्हणालात. मला नुसत्या कानानंही येत होतं ऐकू, पण मी बोलले नाही. तुमचा हात माझ्या हातावर होता आणि अंगठ्यानं तुम्ही माझी बोटं एकेक करून चाचपत होतात. पटांगणातल्या त्या क्षणाचं तुम्ही तेव्हा नाही बोललात, नंतरही कधी नाही. हातोडा आवरला नसता आणि आणखी एक ठोका पडला असता तर काय, हे आपण दोघांनीही कधी तोंडावर आणलं नाही. मी त्यावर तुम्हाला चिडवलंही नाही, आणि चिडवायला मी काही सोडत नाही, तुम्हाला माहीत आहे.

वाद घातला तो दुसऱ्याच गोष्टीवर, आणि जन्मभर घातला. तुमचं म्हणणं, आळी जगली ती त्या दिवसाच्या ठोक्यानं. माझं म्हणणं, ती फुटकी भांडी संपायला कितीसा वेळ लागला? पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, माणसं परत आली, लग्नं निघाली, म्हणून जगली. तुम्ही म्हणायचात, लग्नं निघेपर्यंत आळी इथं टिकली कशामुळं? चाकणला शेतं भांगलत बसली असती. मी म्हणायचे, बसली असती तर काय बिघडलं असतं. मग डोळे मिटायचात. माझं मत अजून तेच आहे, तुम्ही गेलात म्हणून बदलणार नाही. पण तुम्ही आम्हाला शेतात राबायला जाऊ दिलं नाहीत, याबद्दल मनातल्या मनात तुम्हाला किती वेळा हात जोडलेत, तेही आज सांगून ठेवते.

आता शेवटच्या भांडणाचं. यंदा दिवाळी झाली, खोकल्यानं धरलं, आणि एका दुपारी तुम्ही म्हणालात, "मी गेलो की आळीचा ठोका थांबवू देऊ नकोस."

मी म्हटलं, "असलं अभद्र बोलू नका. आणि ती रीत आहे. भिकोबातात्या गेले तेव्हा तुम्हीही हातोडा खाली ठेवलात की."

"ठेवला. आणि भिंतीला हात लावून बसलो. ती शांतता मी एकदा भोगलीय. जाताना नको."

"अहो, सगळ्या आळीची रीत, मी एकटी कशी मोडू? लोक म्हणतील, हिला नवऱ्याचं सुतक नाही."

"दिवट्यांचीही रीतच होती."

"दिवट्या वेगळ्या. मी रीत मोडणार नाही," मी म्हटलं. मला पुढं बोलायचं होतं. पण तुम्ही डोळे मिटलेत. या वेळी पापण्या वर करायला माझं मन धजावलं नाही. ते भांडण तिथंच राहिलं, आणि सगळा हिवाळा माझ्या उरावर बसलं होतं. तुमच्या शेवटच्या मागण्याला नकार देऊन मी तुम्हाला पाठवणार, या विचारानं मला घास उतरत नव्हता.

तुमचं अंथरूण मी भिंतीशी ओढलं ते तेव्हाच. तुम्ही गेलात त्या दिवशी पलीकडं आपला लेक नारू आणि गोदाचा नवरा मोठ्या हंड्यावर बसले होते, कुणाकडं तरी लग्न होतं. जेवणानंतर तुम्ही कुशीवर वळलात आणि हात भिंतीला लावलात. मी पाठ चोळत होते. चोळता चोळता कळलं, हाताला श्वास लागत नाहीये. छातीला कान लावला. काही नाही. हात मात्र भिंतीवर तसाच होता.

हुंदका अगदी ओठापर्यंत आला होता. बाहेर पडला असता तर गोदानं ऐकला असता, ती उठून नवऱ्याच्या खांद्याला हात लावायला गेली असती, आणि बसली असती आळी. मी पदराचा बोळा तोंडात धरला. तुमच्या हातावर माझा हात ठेवला, घसरू नये म्हणून. भिंत वाजत होती. तुमच्या हातातून ते माझ्या हाताला लागत होतं.

सूनबाई डोकावली, म्हणाली, "मामंजी झोपले का?" मी म्हटलं, "झोपलेत. आवाज करू नकोस." या घरात तुमच्या झोपेसाठी आजवर कुणी आवाज खाली केला नव्हता, पण पोर गुणी, पाय न वाजवता गेली. नारू आपल्या बापासाठी ठोकतोय हे त्याला ठाऊक नव्हतं. हंडा पुरा होत आला होता, शेवटचा हात फिरवणं चाललं होतं. इतका एकसारखा ठोका मी त्याचा आधी कधी ऐकला नव्हता. उन्हं उतरली. एकेकानं हातोडा ठेवला, रोज ठेवतात तसा, दिवस संपला म्हणून. शेवटचा नारूनं ठेवला. मग मी तुमचा हात भिंतीवरून काढून छातीवर ठेवला आणि पदर तोंडातून काढला.

आळीला वाटतंय, तुम्ही दिवेलागणीला गेलात. वाटू दे.

रीत मी मोडली नाही, अहो. रड ऐकू आली की ठोका थांबवायचा, अशी रीत आहे. रड ऐकू गेलीच नाही. दिवाळीनंतरच्या त्या दुपारी मी पुढं जे बोलणार होते ना, ते एवढंच होतं, "रीत मोडणार नाही, पण बघते काय जमतं ते." डोळे जरा वेळानं मिटले असतेत तर तेव्हाच कळलं असतं, आणि हिवाळाभर आपण दोघंही जरा सुखानं झोपलो असतो.

नारू सुतकात आहे, पण पलीकडचा कारखाना सुरू झालाय. सुतकात देवाला हात जोडायचे नाहीत, म्हणून आज सकाळी उठले आणि भिंतीला हात लावला. चालू आहे.